एका नावाखाली अकरा नंबर

आप्पा,

गेल्या मंगळवारपासून रविवारपर्यंत तुम्ही मला दिवसातून तीन-तीनदा फोन करत होतात, याबद्दल माझी रीतसर तक्रार आहे. हयातीत तुम्ही कधी पूर्ण फोन केलात असं आठवत नाही. मिस्ड कॉल द्यायचा आणि वाट बघत बसायचं, ही तुमची पद्धत. आता जाऊन सहा वर्षं झाल्यावर, मारुंजीच्या आमच्या सोसायटीच्या सभेत मी पाण्याच्या टँकरवर तावातावानं बोलत असताना टेबलावरचा फोन थरथरतो आणि पडद्यावर 'आप्पा' उमटतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "घ्या ना, वडिलांचा दिसतोय." घेतला. कोळवणहून पुतण्या विचारत होता, "काका, पीकविम्याच्या फॉर्मला तुमचाच ईमेल टाकू ना?"

झालं ते असं. मी नवा फोन घेतला. दुकान नांदेडकडच्या एका बाईंचं. त्या म्हणाल्या, "ईमेलमधून सगळे नंबर आपोआप येतात सर, तुम्ही फक्त होय म्हणत जा." लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मध्येच कुठेतरी फोननं विचारलं, सारखे संपर्क सापडलेत, एकत्र करू? मी होय म्हटलं. यात फोनचा दोष नाही, आपल्या घराण्याचा आहे. भावकीत ईमेल काढणारा पहिला मी, म्हणून गॅस असो की रेशनकार्ड, ईमेलच्या रकान्यात सगळ्यांनी माझाच पत्ता लावला. सुरुवात तुम्हीच केलीत: "आपला येक हाय की, त्योच टाका. येगळा कशाला?" जमिनीचे वीस तुकडे करणाऱ्या माणसांनी ईमेल तेवढा एकत्र कुटुंबासारखा वापरला. आणि मी शहाणा, प्रत्येकाच्या नंबराखाली तो पत्ता इमानदारीत लिहून ठेवलेला. फोननं बघितलं, आडनाव एक, ईमेल एक, म्हणजे माणूसही एकच. अकरा नंबर एका कार्डात कोंबले आणि त्यावर 'आ' पासून सुरू होणारं तुमचं नाव लावलं. जिवंतपणी भावकीनं तुम्हाला कधी पुढारी मानलं नाही. फोननं मानलं.

मी दुकानात परत गेलो. बाईंनी कार्ड उघडून पाहिलं. "एका माणसाला अकरा नंबर? कोण आहेत हे?"

"आमची भावकी."

"वेगळे होतील, पण कुठला कुणाचा ते तुम्हालाच सांगावं लागेल. जुना फोन तर पुसून एक्स्चेंजमध्ये गेला."

म्हणून रविवारी सकाळी एकेक नंबर लावत बसलो. "कोण बोलतंय?" असं मी विचारायचं आणि पलीकडून, "फोन तू केलायस, तूच सांग." दुपारपर्यंत नऊ जण सुटे झाले. उरले दोन. सगळे आकडे तेच, फक्त शेवटी एकाला चार, एकाला पाच. तुमचा आणि तात्यांचा. तुम्ही दोघे भाऊ पौडला एकाच दुकानात गेला होतात, लागोपाठचे नंबर घेऊन आला होतात. तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही बांधाच्या या टोकाला उभे, तात्या त्या टोकाला, मध्ये दहा पावलं, आणि दोघं फोन कानाला लावून ओरडताय. "आयकाय येतंय का रं?" "फोन ठिवला तरी येतंय!" मी तुमच्याजवळच उभा होतो. फोन खाली घेतल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "गळ्याचं बटन लाव." चार कुणाचा आणि पाच कुणाचा, ते मात्र काही केल्या आठवेना.

मग ते आंबेमोहराचं बियाणं. तात्यांचं बी म्हणजे खोऱ्यात शब्द होता. लोक पेरणीआधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. त्या वर्षी तुम्ही त्यांच्याकडून पोतं आणलंत, पेरलंत, आणि निम्मं उगवलंच नाही. तुम्ही गावभर सांगितलंत, तात्यानं जुनं बी दिलं. तुम्हा दोघांचं बोलणं बंद झालं. मी त्यावर दिवाळी अंकात लेख लिहिला: एक काका, ज्यांच्या बियाण्यातून भात सोडून बाकी सगळं उगवतं. चहाच्या टपरीवर तो मोठ्यानं वाचला गेला, लोक पोट धरून हसले. पुढच्या हंगामात तात्यांच्या ओट्यावर कुणी आलं नाही. सगळे दुकानातून पिशवीतलं बियाणं घेऊन आले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तुम्ही दुखण्याच्या इलाजासाठी माझ्याकडे राहायला आलात. स्वयंपाकघरात, खुर्ची नको म्हणून फरशीवर बसून, तांदूळ निवडत होतात. वर न बघता म्हणालात, "बी चांगलं व्हतं. पोतं माज्या वळचणीला भिजलं. मी तसंच पेरलं. तात्याला येवढं सांग."

"तुम्हीच सांगा की."

"मला न्हाई जमायचं. तू लिवणारा हायेस."

मी हो म्हटलं, आणि सांगितलं नाही. तुम्ही महिन्याभरात गेलात. तात्या आले, तुम्हाला खांदा दिला, माझ्या शेजारी तासभर उभे राहिले. मी त्यांच्याशी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो. कारण साधं होतं. तो माझा सगळ्यात गाजलेला लेख. अजून लोक ओळख करून देताना त्याचंच नाव घेतात.

तर रविवारी आधी चार लावला. "कौन आप्पा? भैया, हम उरवडे में कंपनी में हैं, ये नंबर दो साल से हमारा है।" म्हणजे चार तुमचा होता, पाच तात्यांचा. काम संपलं. नाव टाइप केलं, सेव्ह केलं. फोन करायची काहीच गरज नव्हती. केला.

"कोन?"

"तात्या, मी."

"बोल."

मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे त्यांनी पाण्याची मोटर बंद केली.

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "रिकामं पोतं माघारी आलं तवाच वास मारत व्हतं. पर कुनी म्हनाय तर पायजे." मग, "कदी बोलला त्यो?"

"सहा वर्षं झाली."

"लई कामात व्हतास?"

"नाही."

"मंग आता त्ये बी लिव. तवा लिवलंवतंस तसंच. समद्यांनी वाचलं पायजे."

"लिहितो."

हे पत्र मात्र पाठवता येणार नाही. तुमच्या कार्डात आता नंबर नाही, फक्त ईमेल आहे, आणि तो माझा. पाठवलं तर मलाच येईल आणि न वाचलेल्या ढिगात जाऊन पडेल. तेव्हा इथंच राहू दे. एक सांगायचं राहिलं. त्या सभेत बाई "घ्या ना" म्हणाल्या, तेव्हा फोन उचलायच्या आधी मी गळ्याचं बटण लावलं होतं.

तात्यांच्या बियाण्याचा मजकूर आज सकाळी संपादकांकडे गेला. पोतं कुणाच्या वळचणीला भिजलं आणि ते सांगायला कुणी सहा वर्षं लावली, दोन्ही त्यात आहे.