सोमवारचं अक्षर

प्रिय रोहिणी,

फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. नाशिकला सगळं ठीक आहे असं लिहिणार होते. ठीक कसलं डोंबलाचं! प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला आणि कांदा सडू न देणारा आपला जिवाणू मरायला टेकलाय. रोज त्याची काचेची बशी उघडते, त्या फिकट डागाकडे बघते आणि रडू येतं. तुला सांगावं तर तू गप्प.

आपली जोडी कशी जमली, आठवतंय? सटाण्याला, तुमच्याच कांदाचाळीत. मला सडके कांदे हवे होते, तुला धडधाकट, आणि भांडलो दोघी एकाच पाटीवरून. मग ठरलं, मी नाशिकला जिवाणू जगवायचा, तू हैदराबादला त्याची जनुकं वाचायची. पहिल्या बशीवर मी 'वाढ समाधानकारक' असं लिहिलं होतं. ते खोडून तू तुमच्या अहिराणीत लिहिलंस, 'शे'. आहे. जिवंत आहे. तेव्हापासून दर सोमवारी माझा निरोप 'शे' आणि तुझंही उत्तर 'शे'. लोक करार करतात, बैठका घेतात. आपलं सगळं या एका अक्षरावर चाललं.

तुझ्या सरांनी आपल्या संशोधनाच्या पेपरवरून माझं नाव काढलं, हे मला कळलंय. तू त्यांच्याशी भांडलीस, हेही कळलंय. मी चिडले, खोटं कशाला बोलू? पण तुझ्यावर नाही गं! तू मात्र मला तोंड कसं दाखवू म्हणून कोंडून घेतलंस. परवा तुझी आई माझ्या घरी आली. "मनी पोर ठीक नही शे," माझी पोर बरी नाही, म्हणाली आणि ओटा धरून उभी राहिली. आपला शब्द असा उलटा ऐकला आणि मी बर्फाचा डबा शोधायला लागले.

नाव गेलं खड्ड्यात. जिवाणू मेला तर पुन्हा सडक्या कांद्यांत हात घालू. तू नसलीस तर मी पाटीवरून भांडू कुणाशी?

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. मी हैदराबादला, तुझ्या खोलीबाहेर फरशीवर बसून लिहितेय. मांडीवर बर्फाच्या डब्यात आपली बशी आहे. शेजारची तेजस्विनी म्हणते, आत दिवा जळतो, पण तू कुणालाच ओ देत नाहीस. दार नको उघडूस. कागद दाराखालून सरकवतेय, सोबत पेन्सिलही. आज सोमवार आहे, रोहिणी. ते एवढंसं अक्षर लिही आणि कागद परत ढकल.

तुझीच, दाराबाहेरची,
योगिनी