सुकटीच्या डब्यातल्या गोळ्या

पोशीर,
मंगळवार

तीर्थरूप सुंदराआत्यास भाग्यश्रीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, काकांची शुगर आणि चौक गावातला तुमचा ढाबा ही तिन्ही ठिकठाक असतील असं धरून चालते. पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण तुझा फोन गल्ल्यावर स्पीकरवर असतो आणि माझी तब्येत मिसळीबरोबर अख्ख्या हायवेला वाढली जाते. शिवाय पत्राला मध्येच गप्प बसवता येत नाही.

तर, रविवारी भिवपुरीचे पाहुणे मला बघायला आले होते. तू शुक्रवारीच येऊन तयारी करून गेलीस, त्याबद्दल आभार. पडदे धुतलेस, मला चालायला शिकवलंस (सत्तावीस वर्षं मी काय करत होते कोण जाणे) आणि माझ्या फिटच्या गोळ्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीसकट लपवून ठेवल्यास. "गोळ्या दिसल्या तर पोरीत खोट हाय असं वाटंल गं!" पटण्यासारखंच होतं. या गोळ्यांमुळे तीन वर्षांत मला एकही फिट आली नाही, म्हणजे खोट दिसू नये म्हणून जे काही करायचं ते त्या गोळ्याच करत होत्या. पण त्यांना मोठेपणा कोण देणार?

तेवढ्यात तुमचा आचारी पळाला म्हणून तू जागा न सांगताच चौकला पळालीस. आम्ही देव्हारा धुंडाळला, कपाटं उपसली, तांदळाच्या पिंपात हात घातले. तुला फोन केला, तर गल्ल्यापुढे गिऱ्हाइकं. त्यांच्यादेखत गोळ्यांचं नाव कसं घ्यायचं? म्हणून तू म्हणालीस, "ती वस्तू जाग्यावर हाय. पावनं जाईपर्यंत कळ काढ." दादा कर्जतला धावला, पण चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला देईना. त्याचं बरोबरच होतं, चिठ्ठी वस्तूपाशी होती.

रविवारी चहाचा ट्रे घेऊन मी दारात आले, इथपर्यंत मला आठवतं. पुढचं प्रियावहिनीने सांगितलेलं. मी पडले. कपबशा माझ्याआधी पडल्या. मग आपल्या घराण्याचा दवाखाना सुरू झाला. चिंधीकाकू कांदा फोडून आली. लडकूकाकांनी माझ्या मुठीत ट्रॅक्टरची किल्ली कोंबली (मी चालू होईन असं वाटलं असावं). आणि बाकीचे सगळे चपलांकडे धावले. उंबऱ्याबाहेर भिवपुरीकरांचा अख्खा ताफा उतरलेला! ज्याला जे सापडलं ते त्याने माझ्या नाकाला लावलं. मुलाच्या वडिलांचा करकरीत कोल्हापुरी जोडा तर दोघांनी आळीपाळीने लावला. मुलगा पसंत आहे का ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण त्याच्या घरच्यांची पायताणं माझ्या परिचयाची झाली आहेत. वहिनी एकटी शहाणी. तिने सगळ्यांना ढकललं, मला कुशीवर वळवलं आणि शुद्धीवर येईपर्यंत डोक्याखाली हात धरून बसली. दोन दिवस गोळ्या चुकल्या म्हणून असं झालं, हे पाहुण्यांना तिनेच सांगितलं.

जाताना मुलाचे वडील एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्या पायात दादाची निळी स्लिपर घालून गेले. त्यांचा दुसऱ्या पायातला जोडा काल कपाटाखाली सापडला.

संध्याकाळी तू एकदाची जागा कबूल केलीस: सुकटीचा डबा. धन्य! श्रावणात आपल्या घरात त्या डब्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? आता पाकिटाला असा वास येतो की गोळी घेताना उपास मोडल्यासारखं वाटतं. पण घेते. डॉक्टरीणबाई ओरडल्या, माझ्यावर. मनातल्या मनात तो ओरडा मी तुझ्या पत्त्यावर पाठवला.

आता खरी गंमत. काल भिवपुरीचा निरोप आला: मुलगी पसंत, फक्त गोळ्या बंद करायच्या. "लग्न झालं की आपोआप बरं होतं." आणि तू वहिनीला फोनवर सांगितलंस, "व्हय म्हना, मागनं बघू." आत्या, मागून काय बघणार? मी पुन्हा पडेन तेव्हा समोर चूल असेल की विहीर, हे? मला राग आलाय आणि भीतीही वाटते. दोन्ही तुझ्याचमुळे, म्हणून तुलाच लिहिते.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझी,
भाग्यश्री

ता.क. पाहुणे येत्या रविवारी परत येताहेत, होकार ऐकायला आणि जोडा न्यायला. तूही ये. गोळी वहिनीकडे नाही, दादाकडे नाही, तुझ्याकडेच देणार आहे. सगळे बसले की उठायचं, आणि त्यांच्यासमोर मला गोळी आणि पाण्याचा तांब्या द्यायचा. "ही आमची पोर, आणि ही तिची गोळी" एवढंच म्हण. तू लपवलीस, तूच काढून दे.

ता.क. दुसरं. त्यावर ते उठून गेले तर जाऊ देत. फक्त ज्याचा जोडा त्याच्या पायात गेलाय ना, तेवढं दारात उभं राहून बघ.