मुकी चाल

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. 'चालणे: एक सामूहिक कलाव्यवहार' या विषयावर माझी पीएच.डी. चालू आहे. सहावं वर्ष. कलेला घाई मानवत नाही. संकल्प: उद्यापासून रोज पहाटे टेकडीवर.

४ मार्च
पाऊस. यॉर्कशरात पाऊस असायचाच, पण आजचा वेगळा होता. खिडकीतून टेकडीचं सखोल निरीक्षण केलं. तेही एका अर्थी चालणंच.

६ मार्च
माझ्या गाइड, प्रोफेसर मॉराग डनबार यांनी बोलावलं. म्हणाल्या, "लायनेल, चालण्यावर ढीगभर पानं लिहिलीस. कुणाबरोबर चाललास का कधी?" मी म्हटलं, प्रश्न फार वरवरचा आहे. त्या म्हणाल्या, "बावीस तारखेला गावकऱ्यांना घेऊन चालून दाखव. मी स्वतः येते. नाहीतर तुझं नाव काढून टाकते." बाईंना कलेतलं कळतं, कलावंतातलं नाही.

८ मार्च
योजना तयार! 'मुकी चाल'. कुणी बोलायचं नाही. नकाशा नाही, नेता नाही. जो पुढे असेल त्याच्यामागे बाकीच्यांनी काही न विचारता जायचं. सत्तेचा प्रश्न एका फटक्यात निकालात. बायकोला सांगितलं. ग्वेनिथ म्हणाली, "तू पुढे असलास तर सगळे पबमध्ये पोचतील." तिचं वाचन कमी.

नवे बूट घेतले.

१५ मार्च
बूट घालून पाहिले. घरात. टाच सोलली. संकल्प: बूट सैल व्हावेत म्हणून रोज जिना चढणे-उतरणे. टाच बरी झाली की.

२१ मार्च
चर्चच्या गायकवृंदातल्या बायकांनी नावं दिली. वाटेत टॉयलेट आहे का, विचारत होत्या. म्हटलं, अनिश्चितता हाच या कलाकृतीचा गाभा. त्या म्हणाल्या, "मग आम्ही जाऊनच येतो."

२२ मार्च, शनिवार, दुपार
बाजारचौकातून निघालो. पुढे मी, शेवटी मॉराग. काय ती शांतता! चॅपलच्या वळणावर टाचेने बोंब ठोकली. नेत्याने स्वतःला पुसून टाकणं हीच कलेची परमावधी, हे मला तिथेच सुचलं आणि मी दगडी कुंपणामागे बसलो. बूट काढून. क्षणभरच. उठून पाहतो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. उत्तम! कलाकृती कलावंताच्या हातून निसटली. शोधायला बस पकडली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
उलगडा झाला. मी बसलो आणि नेमका गल्लीतून विल्फ ॲक्रॉइड नावाचा गृहस्थ बाहेर पडला. खाटकाकडून पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरून भाजलेली जाड पोळी, घेऊन घरी चालला होता. तो पुढे, म्हणजे तोच नेता. बायका त्याच्यामागे. त्याने मागे पाहिलं, तर मुकं लटांबर. तो भरभर चालला, त्या भरभर चालल्या. तो बुटाची नाडी बांधायला वाकला, सगळ्या थांबल्या. मला नंतर म्हणाला, "काय हवंय म्हणून विचारणार होतो. पण असं तोंडावर विचारणं बरं दिसतं का?" त्याने दार उघडलं. न बोलावता आत जाणं वाईट, पण रांग मोडणं त्याहून वाईट, म्हणून बायका आत गेल्या. बिचाऱ्याने सगळ्यांना चहा केला, पोर्क पाय कापून वाटला. कुणी चकार शब्द काढला नाही.

बसमधून मला विल्फच्या घराच्या खिडकीत मॉराग दिसल्या. डोळ्यांत पाणी. वाटलं, मेलो! पण ते आनंदाश्रू होते.

उतरून मी दार वाजवलं. विल्फने फटीतून पाहिलं. "माफ करा हं, जागा नाही."

२४ मार्च
विद्यापीठातून उद्याचं बोलावणं. संकल्प: कौतुक नम्रपणे स्वीकारणे. आरशासमोर सराव केला.

२५ मार्च
मॉराग म्हणाल्या, इतकी अस्सल चाल त्यांनी आयुष्यात पाहिली नाही. विल्फला व्याख्यानाला बोलावलंय. बायकांना अनुभव विचारले, तेव्हा माझ्याबद्दल एवढंच निघालं: "सुरुवातीला एक गृहस्थ होते. ते बसने गेले." चालण्याची पीएच.डी. बसने गेलेल्याला कशी देणार, असं मॉराग म्हणाल्या. नाव काढलं. सहा वर्षं. बाहेर येऊन पायरीवर बसलो, रडू आलं.

२७ मार्च, गुरुवार
आता दर गुरुवारी विल्फच्या दारातून मुकी चाल निघणार. मॉराग जातात. आज ग्वेनिथही गेली. मीही येतो म्हटलं, तर म्हणाली, "तू राहा घरी. आम्ही दमून येऊ, कुणीतरी चहा ठेवायला हवा."

किटली भरून ठेवली आहे. दूध संपलंय. दुकान कोपऱ्यावरच आहे, पण ग्वेनिथ येताना आणेल.