तांदळातलं नाव, कागदावरचं नाव

मिसबाई, माझं नाव आठवतंय का? कुठलं आठवणार! चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारी बाई तुम्ही, आणि आता तर मरूनही कित्येक वर्षं झाली. तरी विचारते, कारण माझं माहेरचं नाव ठाण्यात तुमच्याशिवाय कोणी विचारलंच नव्हतं, सोयरीक जमवतानाही नाही. मला लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात लिहितेय आणि मध्येच हसतेय मेली.

साहेब लोक देश सोडून गेले तरी तुम्ही नौपाड्यातल्या बंगलीत मागे राहिलात, पोरींना इंग्रजी शिकवत. मी भांडी घासायला येई, नवी सून. सासू फाटकापर्यंत सोडायची, फाटकावरूनच न्यायची. मधला तासभर तेवढा मोकळा श्वास. पहिल्याच दिवशी तुम्ही नाव विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, “आणि लग्नाआधी?” तेही सांगितलं, दबक्या आवाजात. लग्नात भटजींनी यांचा हात धरून ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. वाचता येईना, वाजंत्र्यात ऐकूही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सासू हाका मारतेय आणि मी ढिम्म. “बहिरी गळ्यात मारली गं बाई!” म्हणाली. तांदूळ शिजले, संपले. नाव चिकटलं ते चिकटलं.

मग तुम्ही तुमच्या नावांच्या गोष्टी सांगायला लागलात. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. मी म्हटलं, “अगं बाई, तुमच्यातही लोहार-शिंपी? आम्हाला वाटलं, साहेब आभाळातूनच पडला!” माझ्या माहेरचे मिठागरात राबणारे, तर आम्ही तुमच्याकडे सॉल्टर झालो असतो. तुमचं नाव मार्गारेट, म्हणजे मोती. आमच्या आळीतल्या कुत्र्याचं नावही मोती, हे सांगितल्यावर तुम्ही खुर्चीतून पडायच्या बाकी होतात. आडनाव बॅक्स्टर, म्हणजे पाव भाजणारी बाई. बाईच्या कामाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या पुरुष लावतात, हे ऐकून मी तवा घासायची थांबले. तुमचा पाव मात्र दगड!

त्या दिवशी तुम्ही कागदावर इंग्रजीत माझं माहेरचं नाव लिहून दिलंत. मी तो तांदळाच्या डब्यात तळाशी लपवला. सासूच्या हाती लागला. घरात वाचणारं कोणी नव्हतं, पण अक्षरं गोऱ्यांची एवढं दिसत होतं. “बाटवलं तुला! किरिस्ताव नाव दिलं ना तिनं?” सगळं घर माझ्याकडे बघतंय. माझंच नाव आहे, आईनं ठेवलेलं, एवढं बोलायचं होतं. पण बोलले असते तर तेही त्यांच्या तोंडी गेलं असतं, उष्टं झालं असतं. तुमच्याकडचं काम सुटलं आणि तो तासभरही गेला.

तुम्ही ठाणं सोडलंत तेव्हा मी रस्त्यावरच्या नळावर होते, शेजारी सासू. टांगा थांबवून विचारलंत, “कागद आहे ना गं?” मी मान हलवली. नव्हता, मिसबाई. तो सासूनंही जाळला नाही. बाटले नाही हे दाखवायला मीच माझ्या हातानं चुलीत घातला.

नात विचारतेय, आजी, काय होतं गं ते नाव? तिलाही अजून सांगितलेलं नाही. साठ वर्षं तोंडात धरलेलं सुटत नाही पटकन. हे पत्रही डब्यातच जाणार, तांदळाखाली. तिकडून काही पाठवणार असाल तर पाव पाठवा, बेकरीतला, तुमच्या हातचा नको. आणि पुड्यावर माझं नाव लिहा. लग्नाआधीचं.