डिंडोलीतली कानबाई

अहो,

'प्रिय' कधी म्हटलं नाही, आता लिहितानाही लाजच वाटते. पण आज लिहिल्याशिवाय राहवेना. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच श्रावणातली आपली कानबाई देवी बसवली. गावी नाही, इथे सुरतेत, तुम्ही बांधलेल्या घरात! आज सकाळी तिला निरोप देऊन आले.

इथे डिंडोलीत नुसता चिखल होता तेव्हा तुम्ही खानदेशातून आलात. गवंडीकाम करत कापडाच्या किती मिली उभ्या केल्यात! माग सुरू झाले की भिंतीला तळहात लावून उभे राहायचात. भिंत थरथरली तर शेठलाच सुनावायचात, "पाया परत भरा." मागून गावची माणसं आली, त्यांचीही घरं तुम्हीच बांधलीत. आणि आपल्या भिंतींचा गिलावा? तो कधी करणार होतात, सांगा बरं?

परवा भाऊजी आले. चहा संपायच्या आत म्हणाले, "वहिनी, आते आठे काय शे तुमनं? घर विका, गाव चला. कानबाई तठेच बसाडू."

"आठेच बसाडसू," मी म्हटलं.

ते हसले. "घरमा माणूस नही. रोट कोना नावनं करशात?"

नैवेद्याच्या रोटाचे गहू घरच्या पुरुषांच्या नावाने मूठ मूठ घेतात, हे मला का ठाऊक नाही? तुम्ही गेलात, मुलगा आपल्याला नाही. मग या घरात देवीनं यायचंच नाही? याच्या विटा मीही डोक्यावर वाहिल्यात ना!

मी टोपली पुढे ओढली. एक मूठ माझ्या नावाने घातली. आपल्या रेखाला म्हटलं, "तू पण टाक."

पोरगी घाबरली. "मम्मी, काका लडशे."

"रागावू दे."

तिनं मूठ टाकली. भाऊजी चपला घालता घालता म्हणाले, "बायकास्ना नावना रोट खाई कोन?"

कोण खाणार? आम्ही दोघींनी खाल्ला, गंगाफळ भोपळ्याच्या भाजीशी, पोटभर! मध्येच तुमची आठवण आली. पाणी प्यायले आणि पुढचा घास घेतला.

शब्द देते, मी आहे तोवर हे घर विकलं जाणार नाही. पुढच्या श्रावणात भाऊजी आले तर पाट मांडीन, मानानं ताट वाढीन. पण रोट आमच्याच नावाचा असेल. खायचा तर खावा!

तुमची,
इंदू