आबा, पाणी पायलटसाठी होतं

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही. आज लिहितेय, कारण आज मी चुकले. आजची चूक मला शिकवणाऱ्या सरांनी सावरली. तुमच्या बाबतीतली जुनी चूक मात्र मलाच निस्तरायची आहे.

आधी बातमी ऐका. तुमची शकू एकोणपन्नासाव्या वर्षी बारामतीत हेलिकॉप्टर चालवायला शिकतेय! हसू नका, दादाचं हसून झालंय. "म्हातारचळ लागला व्हय गं तुला? ह्या वयात लोक गुडघं चोळत बसत्यात," म्हणाला. मी म्हटलं, गुडघे चोळतच चढते रे त्यात! पोरं मार्गी लागली, डाळिंबाची रोपवाटिका सून माझ्यापेक्षा बरी बघते. मग माझ्या मनातलं मी कधी करायचं?

मनात कुणी भरवलं? तुम्हीच की. लहान असताना माळावर उभ्या हेलिकॉप्टरच्या पायलटनं मला विचारलं होतं, "बसतेस का?" मी पाऊल टाकलं आणि तुम्ही दंड धरून मागं ओढलंत. "पोरीचं काय काम तितं?" आणि दादाला बसवलंत! तो राग अजून आहे, आबा. तेवढा राहू द्या.

पण आज त्याबद्दल भांडायचं नाही. तुम्ही बांधकामावरचे मुकादम. मंत्री-पुढारी पाहुणे येणार म्हटलं की हेलिपॅड तुमच्या गळ्यात. चुन्याच्या फक्कीनं गोल आखायचा, मधे एच काढायचा, भोवती टँकरनं पाणी मारायचं. मी नववीत होते त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं. बायका हंडे घेऊन उभ्या, आणि तुम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत टँकर माळावर रिकामा केलात. त्या तुम्हाला नाही नाही ते बोलल्या. शाळेत मुलींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात आणि मी काय म्हणाले? "लोकांच्या तोंडचं पाणी मातीत ओतून आलात, घास तरी कसा उतरतो?" उचलली जीभ, लावली टाळ्याला! तुम्ही ताटावरून उठलात. एवढंच म्हणालात, "धूळ उठाय नको म्हणून मारावं लागतं, शके."

मला वाटलं, पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांची काळजी! त्यानंतर मी तुमच्याशी पहिल्यासारखं कधीच बोलले नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा औषधापुरतंच बोलायचे. तुम्हाला कळत होतं ना?

आज इंदापूरच्या बाजूला मोकळ्या रानात उतरायचा सराव होता. सर माझ्या थोरल्यापेक्षा लहान. "काकू, धूळ उठली की लगेच वर घ्या," त्यांनी बजावलं होतं. मला वाटलं, धुळीचं काय कौतुक, जन्म गेला धुळीत! जमीन दोन माणसांच्या उंचीएवढी खाली राहिली आणि धूळ उठली. आबा, जमीनच नाहीशी झाली! खाली किती उरलंय, आपण कुठं सरकतोय, काही म्हणता काही कळेना. मी नुसती दांडा आवळून बसले. "माझ्याकडं द्या!" सर ओरडले आणि त्यांनी वर घेतलं.

बारामतीला उतरलो. सर म्हणाले, "काकू, ह्या धुळीत भलेभले आपटलेत. म्हणून तर जमीन आधी भिजवून घेतात."

"पाहुण्यांच्या कपड्यांसाठी ना?" मी विचारलं.

"कपडे कसले? पायलटला जमीन दिसावी म्हणून!"

मला रडूच फुटलं. सरांना वाटलं, काकू घाबरल्या.

आबा, मला नीट का नाही सांगितलंत? एक वाक्य जास्त बोलला असतात तर? पण मी तरी कुठं विचारलं! त्या बायकांचं चुकलं असंही नाही. त्यांचे हंडे रिकामेच गेले. पण बोलणी पाहुण्यांनी खायची, ती तुम्ही खाल्लीत. हार पाहुण्यांना, आणि तुम्ही टँकरच्या आडोशाला उभे. जो पायलट नीट उतरला, त्यानं तरी कधी तुमच्याकडं बघितलं का?

माफ करा, आबा. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे, भीती वाटत असली तरी. आणि एक शब्द देते. लायसन हातात पडलं की मी जिथं कुठं उतरेन, तिथं पंखा थांबल्याबरोबर विचारीन, "इथं पाणी कुणी मारलं?" तो माणूस माझ्यापेक्षा लहान असला, तरी सगळ्यांदेखत आधी त्याच्या पाया पडेन.

तुमची,
शकू