एकाच वजनाचे दोन रंग

प्रिय धाकल्या,

तीन दिवस तू फोन उचलत नाहीयेस, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. आईला मी सांगितलंय की तुझी ड्यूटी बदललीय आणि तुला बोलायला सवड नाही. तिला ते पटलेलं दिसत नाही. "त्याचं पोट बिघडलंय का," एवढंच तिने विचारलं. तिच्या लेखी माणसाचं सगळं दुःख पोटातूनच सुरू होतं. तिचा गुडघा आता बरा आहे, जिना एकटी उतरते आणि उतरल्यावर मला ओरडून सांगते.

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, छापखान्याच्या रंग तपासायच्या खोलीत बसून. तू ही खोली पाहिलेली नाहीस. भिंती राखाडी, टेबल राखाडी आणि मीही राखाडी एप्रनमध्ये, कारण अंगावर भडक काही असलं की त्याची झाक समोरच्या कागदावर पडते. वरून एक ठरावीक पांढरा उजेड येतो. त्या उजेडात माझ्यासमोर दोन लेबलं ठेवली आहेत, एक हिरवं आणि एक विटकरी. सकाळपासून मी त्यांच्याकडे बघतेय.

ही लेबलं तुझ्या रोजच्या हातातली. दोन वर्षांपूर्वी तुमच्या हॉस्पिटलने भरलेल्या सिरिंजवर चिकटवायच्या लेबलांचं काम आमच्याकडे दिलं, तेव्हा मी उड्या मारत तुला फोन केला होता. माझा भाऊ जिथे नर्स आहे तिथलं काम, म्हणजे घरचंच काम. रक्तदाब चढवणाऱ्या औषधाला एक रंग आणि उतरवणाऱ्याला दुसरा. औषधाचं नाव बारीक अक्षरात, रंगाचा पट्टा मोठा, कारण घाईत कोण वाचत बसतो, असं तुमचे साहेब म्हणाले. रंग मी निवडले. लालभडक बघून पेशंट घाबरतात म्हणून तो उतरवून विटकरी केला आणि त्याच्यासमोर पालवीसारखा लख्ख हिरवा ठेवला. स्क्रीनवर ती जोडी इतकी छान दिसत होती की मी स्वतःच माझी पाठ थोपटली.

पण स्क्रीनवरचा रंग हा उजेड असतो, कागदावरचा शाई. स्क्रीन मागून पेटलेली असते, म्हणून तिचा हिरवा चमकतो. आमच्याकडे चारच शाया, त्यांतून तसा लख्ख हिरवा निघतच नाही. तो खाली उतरतो, मळकट होतो. प्रूफ आलं तेव्हा हिरवा बराच गडद झाला होता. मला ते दिसलं. मी मनात म्हटलं, हिरवा तो हिरवाच, विटकरी तो विटकरीच, कुणाचा गोंधळ होणार आहे? आणि सही केली. या खोलीत, याच खुर्चीवर.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी त्या रात्री तू फोनवर तुटक तुटक सांगितलंस त्यावरून मला कळलंय तसं लिहिते, चुकत असेन तर सांग. त्या दुपारी वॉर्डात एका बाईंचा रक्तदाब भराभर खाली जात होता. मोठ्या सिस्टरनी ट्रेमधली सिरिंज मागितली. तू दिलीस. नऊ वर्षं तुम्ही एकत्र काम करताय, तुझ्या हातातून आलेलं त्यांनी वाचून पाहिलं नाही आणि सरळ टोचलं. चढवायचं ते आणखी उतरलं. त्या बाई शाळेत गणित शिकवतात. चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या. काल त्या उठून बसल्या आणि चहा मागितला, हे मी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर उभं राहून विचारून आलेय. तू आत होतास. मी तुला निरोप पाठवला नाही.

इंजेक्शन सिस्टरनी दिलं, म्हणून त्या निलंबित झाल्या. सिरिंज कुणी काढून दिली हे कागदावर कुठेच नाही. त्यांनी ते चौकशीत सांगितलेलं नाही. तूही सांगितलेलं नाहीस.

मग गेल्या आठवड्यात चौकशी समितीचं पत्र आमच्याकडे आलं: छपाईत रंग बदलला होता का, याचा अहवाल द्या. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू आधी आईची चौकशी केलीस, मग हवेची, आणि मग हळूच म्हणालास, "ताई, शाई जरा इकडेतिकडे झाली होती, एवढंच लिही ना. शाईला कोण फाशी देतंय?"

मी बघते म्हटलं. खरं सांगते, फोन ठेवताना मी लिहिणारच होते. एक ओळ तर होती.

दुसऱ्या दिवशी मशीनवरचे मास्तर या खोलीत आले. सव्वीस वर्षं ते शाई घालताहेत. डब्याचं झाकण उघडताच नुसत्या वासावरून शाई जुनी की ताजी सांगतात. कधी दारावर टकटक करत नाहीत, त्या दिवशी केली. उभ्याउभ्याच विचारलं, "बाई, माझ्या हातून झालं का?" पत्राची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. रात्रभर डोळा लागला नव्हता, हे सांगायची गरजच नव्हती. मी म्हटलं, मोजून सांगते. ते दाराशी उभे राहिले आणि मी हॉस्पिटलला गेलेल्या छपाईच्या रोलमधली चाळीस लेबलं एकेक करून रंग मोजायच्या यंत्राखाली धरली. चाळीसही सही केलेल्या प्रूफशी तंतोतंत. एका केसाचा फरक नाही. शाईला फाशी नसते रे, पण शाईमागे माणूस असतो.

ते गेल्यावर मी एक गोष्ट केली, जी दोन वर्षांपूर्वी करायला हवी होती. दोन्ही लेबलं स्कॅन केली आणि संगणकावर त्यांच्यातला रंग काढून टाकला. रंगाचं नाव वेगळं आणि वजन वेगळं. नाव म्हणजे हिरवा की विटकरी, वजन म्हणजे किती उजळ, किती गडद. नाव काढून घेतलं की उरतं ते वजन. समोर दोन पट्टे उरले आणि मला कुठला कुठला ते सांगता येईना. अगदी एकसारखा करडा. तुला रोज साधारण काय दिसतं, ते मी पहिल्यांदाच पाहत होते.

कारण मला माहीत होतं. पुस्तकात त्याला रंगांधळेपणा म्हणतात, आपल्या घरात त्याला कधी काहीच म्हटलं गेलं नाही. तू दुसरीत असताना एक मोजा हिरवा आणि एक तपकिरी घालून शाळेत गेलास आणि पोरांनी तुला दिवसभर पोपट म्हणून चिडवलं. त्यानंतर मी तुझ्या खडूंवर पेन्सिलीने अक्षरं लिहायला लागले, हि, ता, त. आईला पत्ता लागू दिला नाही. आणि नर्सिंगच्या प्रवेशाआधी, टिपक्यांतले आकडे ओळखायची ती डोळ्यांची तपासणी आली, तेव्हा मैत्रिणीच्या चष्म्याच्या दुकानातून ते पुस्तक दोन दिवस मागून आणलं कुणी? मीच. पानामागून पान, आकड्यामागून आकडा, तुला पाढ्यांसारखं घोकून घेतलं. डॉक्टरांनी पानं क्रमाने उलटली, तू धडाधड म्हणून मोकळा झालास. बाहेर येऊन आपण पोट दुखेपर्यंत हसलो. कुणाचं काय वाईट केलं, असं वाटलं होतं. तुला माणसांची सेवा करायची होती आणि तुझ्याइतका हळुवार हात मी कुणाचा पाहिलेला नाही. बाबांच्या शेवटच्या महिन्यात तू त्यांची कूस बदलायचास तेव्हा ते जागेही व्हायचे नाहीत. हे मी आजही कुणालाही छातीठोक सांगेन.

पण हे सगळं माहीत असलेली बाई त्या प्रूफवर सही करते तेव्हा तिच्या मनात भाऊ येत नाही, हे कसं? तू इतकी वर्षं इतकं सफाईदार निभावलंस की मीही विसरले. तू बारीक अक्षरं वाचून काम चालवत होतास, मला वाटतं. त्या दुपारी वाचायला वेळ नव्हता. चूक तुझ्या हातात झाली, पण ती तिथे आणून ठेवली मी.

आज सकाळी दहा वाजता मी अहवाल दिला. शाई बरोबर होती, असं लिहिलंय. रंगांची निवड चुकली आणि ती माझी, असंही लिहिलंय. ते दोन करडे पट्टे जोडलेत आणि काही माणसांना हा फरक दिसत नाही, तेव्हा नुसत्या रंगावर औषध सोपवू नका, पट्टा वेगळा आखा, अक्षर मोठं करा, असं सुचवलंय. आमच्या मालकांनी ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. बहुधा पुढच्या महिन्यात मी या खुर्चीवर नसेन. अहवालात तुझं नाव कुठेही नाही.

मात्र गुरुवारी अकराला समितीने मला साक्षीला बोलावलंय. ते विचारणारच, दोन वर्षांत कुणाला सुचलं नाही, ते रंग काढून बघायचं तुम्हाला कसं सुचलं? आणि मी खोटं बोलणार नाही. मोठ्या सिस्टर तुझ्यासाठी गप्प आहेत, मास्तर माझ्यावर विश्वास ठेवून आहेत आणि मी आता कुणाला काही घोकून घेणार नाही. माझ्या तोंडून निघण्याआधी ते तुझ्या तोंडून निघावं, म्हणून हे पत्र. नोकरी जाईल कदाचित, किंवा दुसरं काम देतील, मला माहीत नाही. मला भीती वाटतेय, तुलाही वाटत असणार. साडेदहाला मी त्या इमारतीच्या दाराशी येऊन उभी राहीन. तू आलास तर आधी तू आत जा. मी बाहेर बाकावर बसते, तू सांगून बाहेर येईपर्यंत.

तू आलास तरी, न आलास तरी तुझीच,
ताई